भेंडारकरच्या हिरव्या पेशी

"सर, जरा बघता का? मला वाटते, लागलं."

सूक्ष्मदर्शकाच्या काळोख्या खोलीतून धनपाल भेंडारकरनं हाक मारली तेव्हा मी बाहेर बाटल्यांवर तारखा घालत बसलो होतो. त्याला आमच्या लॅबमध्ये येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. पहिल्या वर्षाच्या पोरांना त्या काळोखात धूळ चमकली तरी शोध लागल्यासारखा वाटतो. म्हणून मी जरा कंटाळूनच आत गेलो, स्टुलावर बसलो आणि डोळे लावले.

खाली हिरवंगार होतं. शंभरातल्या चाळीस तरी पेशी आतून पेटल्यासारख्या दिसत होत्या. त्याच खोलीत, त्याच स्टुलावर बसून असं काहीतरी दिसावं म्हणून मी पाच वर्षं डोळे फोडले होते. मला शंभरातल्या सहा दिसायच्या. दिवस चांगला असेल तर सात.

खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. मनात पहिला विचार आला तो हा, की यानं काहीतरी केलंय.

"काय काय घातलंस?" मी विचारलं.

"जे लिहिलंय तेच जी, सर. तुमच्याच वहीतलं. पान बेचाळीस."

"माझ्या वहीतलं?"

"हो सर. एक शब्द इकडचा तिकडे नाही केला."

म्हणजे माझ्याच कृतीनं मला सहा आणि याला चाळीस. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, "छान, पुन्हा करून बघ" असं म्हणालो आणि बाहेर येऊन आधी फ्रिज उघडला.

मुळात माझा स्वभावच संशयी. वडील सांगलीत जकात नाक्यावर होते, त्यांनी जन्मभर लोकांच्या गोण्या उघडून पाहिल्या. तो गुण माझ्यात पुरेपूर उतरला. माझी बायको म्हणते, दारावरची बेल वाजली की बाकीचे लोक 'कोण आहे' असं विचारतात, आमचे हे 'का वाजवली' असं विचारतात. संशोधनात हा स्वभाव चांगला समजतात. माझंही मत तेच होतं.

फ्रिजच्या दारात काय होतं ते सांगण्याआधी आमच्या कामाचं थोडं सांगायला हवं. पेशीच्या आत नवा जीन पोचवायचा असेल तर निसर्गातला सगळ्यांत तरबेज घरफोड्या म्हणजे विषाणू. त्याच्या पोटातला माल काढून आपला भरला, की तो बिनबोभाट आत नेऊन ठेवतो. पण घरफोड्या तो घरफोड्याच. शरीर त्याच्यावर उठतं, कधी तो नको त्या ठिकाणी घुसतो. म्हणून आमच्या खांबेटे मॅडमचं म्हणणं होतं, की आपण सरळमार्गी पोस्टमन तयार करू. कोळंबीच्या कवचापासून काढलेला एक पदार्थ, आणि त्याला मॅडमनी स्वतः जोडलेली रासायनिक शेपटी. तो आणि डीएनए एकत्र मिसळले की दोघं एकमेकांना बिलगून बसतात आणि केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या गोळ्या तयार होतात. त्या जरा स्थिरावू द्यायच्या आणि मग पेशींवर टाकायच्या. आमच्या डीएनएमध्ये हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा जीन असायचा. दोन दिवसांनी पेशी हिरवी दिसली म्हणजे पार्सल पोचलं.

आता फ्रिज. त्याच्या दारात एक छोटी परदेशी बाटली असायची. विकतचं तयार रसायन. ते वापरलं की शंभरातल्या साठ-सत्तर पेशी हमखास हिरव्या व्हायच्या. ते फार जहाल, माणसाला देण्याच्या लायकीचं नव्हतं, आम्ही फक्त तुलनेसाठी वापरायचो. पण त्यातले दोन थेंब आपल्या मिश्रणात टाकले तर कोणत्याही गाढवाला चाळीस टक्के मिळाले असते. बाटली जागेवर होती. ती किती भरलेली होती, हे मात्र मी यापूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं.

धनपालनं पुन्हा करून बघितलं. एकोणचाळीस. तिसऱ्यांदा केलं. बेचाळीस. मॅडमनी भर बैठकीत त्याचं कौतुक केलं आणि मला म्हणाल्या, "आवटी, अरे याच्याकडून शिकून घे जरा." सगळे हसले. मीही हसलो. माझा प्रबंध वर्षभरात सादर व्हायचा होता आणि त्यात सहा टक्के का मिळतात याची दीडशे पानी कारणं मी लिहून ठेवली होती. ते पोरगं खरं असेल तर ती दीडशे पानं रद्दीत जाणार होती. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही. मला वाटत होतं, मी विज्ञानाची राखण करतोय.

मग मी त्याच्यावर पाळत ठेवली.

तो गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाचा. अंगानं किरकोळ, बोलायला कमी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'जी'. काम नेटकं. त्याच्यात खटकण्यासारखं एकच होतं, तो चहाला यायचा नाही.

हे बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. आमची संस्था पुण्याबाहेरच्या एका टेकडीवर होती आणि कॅन्टीन टेकडीच्या पायथ्याशी. सकाळी अकरा वाजता सगळ्यांनी हातातलं काम ठेवून खाली उतरायचं, चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या आणि चढ चढून वर यायचं, हा मॅडमचा दंडक होता. निम्मं विज्ञान चहावर होतं असं त्या म्हणायच्या. आजारी माणूससुद्धा चहापुरता येऊन जायचा. आणि हा एकटाच वर थांबायचा, त्या बाटलीसोबत.

"भेंडारकर, चहा का घेत नाहीस रे?" मी एकदा सहज विचारल्यासारखं केलं.

"पित्त होते, सर."

"मग नुसता चल. गप्पा मारायला."

"नाही सर. माझं काम लागलेलं असते ना."

पित्त होतं म्हणणारा हा माणूस दुपारी डब्यात हिरव्या मिरचीचा ठेचा भाकरीएवढा घेऊन बसायचा. पाणी कुठं मुरतंय ते मला कळलं. आता फक्त पुरावा हवा होता.

मी बाटलीचं वजन करायला लागलो. सकाळी साडेआठला, कोणी यायच्या आत, फ्रिजमधून काढायची आणि लगेच तराजूवर ठेवायची. आमचा तराजू इतका नाजूक होता की त्यावर तिळाचा दाणा ठेवला तरी आकडा हलायचा. मग चहाहून परत आलो की पुन्हा वजन. तेव्हा लोक येत-जात असायचे, म्हणून मी ती रुमालात गुंडाळून, खिशात घालून तराजूच्या खोलीत न्यायचो. पहिल्या दिवशी चाळीस मिलिग्रॅम कमी. दुसऱ्या दिवशी अडतीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस. एक थेंब, फार तर दोन. त्या तीन दिवसांत बाटलीच्या वापराची नोंद कोणीच केलेली नव्हती.

मी तो कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेलो.

खांबेटे मॅडम साठीला आलेल्या, स्वभावानं मोकळ्या, पण विज्ञानात लबाडी म्हटली की त्यांचा चेहरा दगडासारखा व्हायचा. त्यांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"तुझी खात्री आहे?"

"आकडे आहेत, मॅडम. तो एकटा असतो त्याच वेळात कमी होतंय."

"आकडे मला दिसतायत. तुझी खात्री आहे का, ते विचारतेय."

"आहे."

त्यांनी धनपालला बोलावून घेतलं आणि सगळं त्याच्या तोंडावर सांगितलं. आडून बोलणं त्यांना जमायचं नाही. तो ऐकत उभा राहिला. कान लाल झाले होते.

"मी त्या बाटलीला हात नाही लावला, मॅडम."

"मग सोपं आहे. गुरुवारी आम्हा दोघांच्या समोर कर. तुला चाळीस आले तर आवटी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेल, मी मागायला लावीन. नाही आले तर तुला इथं ठेवता येणार नाही. कळलं?"

"कळलं जी."

गुरुवारी साडेदहाला आम्ही तिघं पेशींच्या खोलीत जमलो. परदेशी बाटली मॅडमनी आपल्या कपाटात ठेवून दिली होती. धनपालचं काम बरोबर चाललं होतं. डीएनए मोजून घेतला, त्यात आमचं द्रावण थेंब थेंब सोडलं, नळी हलकेच हलवली आणि स्टँडवर ठेवली. खिशातलं छोटं घड्याळ काढून त्यानं गजर लावला. अकराला पाच कमी होते.

"झालं?" मॅडमनी विचारलं. त्यांना त्याची कीव आली असावी. "चल, आज तू आमच्याबरोबर चहाला यायचंस. जरा घोटभर चहा पोटात जाऊ दे, बरं वाटेल."

"मॅडम, वीस मिनिटांनी टाकायचं आहे."

"ते काय पळून जातंय?" मी म्हणालो. "आणि आज इथं कोणी एकटं थांबणार नाही. खोलीला कुलूप लागेल. अट आहे."

त्यानं नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि आम्ही टेकडी उतरलो.

कॅन्टीनमध्ये चहा येतो न येतो तोच त्याच्या खिशात गजर वाजला. तो उठून उभा राहिला. मॅडमनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "बस रे. कप तरी रिकामा कर." मग त्याला धीर यावा म्हणून त्यांनी घरचं विचारायला सुरुवात केली. वडील भाताच्या गिरणीत कामाला होते, आई घरी, धाकटी बहीण. बहिणीला सिकलसेल आहे, तो म्हणाला. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांत अडकतात, मग हाडं दुखतात, रात्र रात्र दुखतात. बारावीत असताना त्याला कोणीतरी सांगितलं होतं, की हा एका जीनचा दोष आहे आणि जीन बदलता आला तर दुखणं जाईल. म्हणून तो इथं आला होता. मॅडमनी आणखी एक चहा मागवला. मी मनात म्हटलं, आता बहिणीला पुढं केलं. संशयाची कावीळ झाली की अशीच होते, समोरचं सगळंच पिवळं दिसतं.

आम्ही वर पोचून कुलूप उघडलं तेव्हा पावणेबारा झाले होते.

"सर, उशीर झाला आज," तो हळूच म्हणाला.

"आमचं सगळ्यांचं रोज एवढंच होतं. टाक."

त्यानं टाकलं. मॅडमनी पेशींच्या डबीवर सही केली, तारीख घातली.

शनिवारी आम्ही तिघं काळोख्या खोलीत गेलो. मॅडम स्टुलावर बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या, डबी इकडं तिकडं सरकवत राहिल्या. मग उठल्या आणि मला बसायला सांगितलं. मी मोजलं. शंभरात सहा. नेमका माझाच आकडा. त्याच क्षणी हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मला जिंकल्याचा आनंद इतका झाला होता की आकडा कोणाचा आहे हे कशाला बघतोय. हो, आनंद झाला होता. लपवून काय करू.

"मॅडम, एक वेळा वेळेवर टाकून बघू द्या," धनपाल म्हणाला. "वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. सरांच्या वहीत तसंच लिहिलं आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणालो.

मॅडम डबी उचलून दाराकडे वळल्या. धनपालनं त्यांच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. त्यानं पुन्हा विनंती केली नाही. सोमवारी त्यानं आपलं टेबल स्वच्छ पुसलं, प्रत्येक नळीवर नाव लिहून डबा माझ्या ताब्यात दिला, आणि गेला. राजीनाम्यात 'घरगुती कारणामुळे' असं लिहिलं होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी कॅन्टीनवाल्याच्या मुलीचं लग्न निघालं आणि कॅन्टीन आठवडाभर बंद राहिलं. मॅडम परदेशी गेल्या होत्या. अकरा वाजता करण्यासारखं काही नव्हतं. मी मिश्रण करून स्टँडवर ठेवलं आणि तिथंच बसून राहिलो. घड्याळात वीस मिनिटं झालेली दिसली, म्हणून पेशींवर टाकून मोकळा झालो. दोन दिवसांनी काळोख्या खोलीत गेलो आणि डोळे लावले.

एकेचाळीस.

माझ्या मनात काय आलं असेल? की कोणीतरी माझ्या द्रावणात ते विकतचं रसायन घातलं. मी नवं द्रावण बनवलं, दाराला कुलूप लावून काम केलं. चाळीस. मग मात्र मी घाबरलो. मिश्रण दहा मिनिटं ठेवून पाहिलं, वीस, तीस, पन्नास. गोळ्यांचा आकार मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं, ते पाच वर्षांत मी कधी दर दहा मिनिटांनी लावून पाहिलं नव्हतं. वीस मिनिटांपर्यंत गोळ्या बारीक राहायच्या. पुढं एकमेकींना चिकटत जायच्या. पन्नास मिनिटांत त्यांचे एवढे मोठे गठ्ठे व्हायचे की ते पेशींच्या उंबऱ्यावर नुसते पडून राहायचे. पाच वर्षं आम्ही सगळे मिश्रण करून चहाला जात होतो आणि पाच वर्षं चहा पिऊन परत येईतो पार्सल दारात मावेनासं होत होतं. त्या लॅबमध्ये पान बेचाळीस वाचून त्याप्रमाणे वागणारा एकच माणूस आला होता, आणि त्याला मी घालवला होता.

बाटलीचंही त्याच आठवड्यात कळलं. मी ती सकाळी फ्रिजमधून काढून लगेच तराजूवर ठेवली आणि थांबलो. पावसाळी हवा होती. बघता बघता काचेवर दव जमलं आणि आकडा वर वर चढत गेला. मग मी ती रुमालानं पुसली. चाळीस मिलिग्रॅम कमी. सकाळी मी दवासकट वजन करत होतो आणि चहानंतर रुमालात गुंडाळून नेताना ते दव स्वतःच पुसून टाकत होतो. शाळेतल्या पोरानंही केली नसती अशी चूक, आणि ती घेऊन मी एका माणसावर चोरीचा आळ घातला होता.

मॅडम परतल्यावर मी त्यांना आकडे दाखवले. आकार, वेळ, टक्केवारी. त्या खुर्चीतून उठल्याच. "अरे, वेळ! एवढी साधी गोष्ट!" मग एकदम थांबल्या.

"म्हणजे भेंडारकर खरं बोलत होता?"

मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. तो एक शब्द उच्चारला असता तर त्यांनी त्याच दिवशी त्याला पत्र पाठवलं असतं. तो आठ दिवसांत परत आला असता. पण मग हा शोध त्याचा झाला असता, आणि माझ्या नावावर फक्त एका चोरीची खोटी फिर्याद राहिली असती.

"ते आता कसं सांगणार, मॅडम," मी अगदी हळू म्हणालो. "बाटलीचं वजन तर कमी झालं होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा आकड्यांकडे वळल्या. पुढं त्यांनी तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. मला आजही वाटतं, त्यांना संशय आला होता.

त्या शोधावर माझं सगळं उभं राहिलं. प्रबंध, मग परदेश, मग स्वतःची लॅब. व्याख्यानाला गेलो की मी तो किस्सा रंगवून सांगायचो, कॅन्टीनवाल्याच्या मुलीचं लग्न आणि विज्ञानाची प्रगती. लोक पोट धरून हसायचे. गेल्या डिसेंबरात नागपूरच्या एका कॉलेजात सांगितला. हसणं ओसरल्यावर मागच्या बाकावरची एक प्राध्यापिका उठली.

"सर, एक गंमत म्हणून विचारते. पाच वर्षांत तुमच्या लॅबमध्ये चहा न पिणारा एकही माणूस आला नाही?"

पुन्हा हशा झाला. मी म्हणालो, "नाही." आणि लोक हसत असतानाच माझ्या लक्षात आलं, की मॅडमच्या खोलीत केलं तेच मी पुन्हा केलं. रात्रीच्या जेवणाला येत नाही असं संयोजकांना सांगितलं, भेंडारकरची चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी करून वडशाला गेलो.

तो सापडायला वेळ लागला नाही. बाजारपेठेच्या मागं एका घराच्या पुढच्या खोलीत रक्ततपासणी केंद्र होतं. दारावर 'सिकलसेल तपासणी येथे होते' असं रंगवलेलं. आत तो काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरत होता. केस पुष्कळ पांढरे झाले होते. मला पाहून त्यानं हातातली पट्टी आधी नीट सुकायला ठेवली.

"या, सर."

सोळा वर्षांनी त्याला तू म्हणावं की तुम्ही, हेच मला कळेना. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. वीस मिनिटं, गठ्ठे, दव, मॅडमच्या खोलीत मी काय म्हणालो ते. त्यानं मधे एकदाही थांबवलं नाही.

"वाचला होता तुमचा पेपर," तो म्हणाला. "छापून आला तेव्हाच. त्यातला वेळेचा आलेख बघूनच समजलं."

"मग लिहिलं का नाही कुणाला?"

"कोण मानणार होतं जी? तुमच्याजवळ तराजूचे आकडे होते. माझ्याजवळ काय होतं?"

"मी संस्थेला लिहितो. त्या नियतकालिकाला लिहितो. तुझं नाव..."

"लिहा. चांगलं आहे." त्यानं हातमोजे काढले. "पण ते मागाहून. आधी बाबाला सांगा."

मला समजलं नाही. तो सांगू लागला. इथलाच एक मुलगा तेव्हा पुण्यात शिकत होता, त्यानं बातमी आणली होती. धनपालनं औषधाची बाटली चोरली, म्हणून त्याला काढला. धनपाल घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बापानं त्याला दारात घेतलं, जेवायला वाढायला लावलं, पण त्या दिवसापासून आजपर्यंत पुण्याचं नाव काढलं नाही. धनपालच्या लग्नात नाही, बहिणीला दवाखान्यात न्यायचं झालं तेव्हा नाही.

"त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "माझ्या सांगण्याला काय अर्थ होता? चोरही 'नाही'च म्हणते." मग आतलं दार उघडून म्हणाला, "जरा मोठ्यानं बोला, सर. गिरणीत चाळीस वर्षं काढली त्यानं. कान गेले."

मागच्या अंगणात खाटेवर म्हातारा उन्हाला बसला होता. समोर दोन-तीन शेजारणी सुपात धान पाखडत होत्या. धनपालनं बापाच्या कानाशी वाकून सांगितलं, "पुण्याचे साहेब आले." म्हातारा सावरून बसला. मी खाटेच्या कडेला टेकलो.

"तुमच्या मुलानं काही चोरलं नव्हतं," मी म्हणालो.

"आं?"

मी धनपालकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मदतीला पुढं आला नाही.

"तुमच्या मुलानं काही चोरलं नव्हतं," मी मोठ्यानं म्हणालो. बायकांची सुपं थांबली.

म्हाताऱ्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पोराकडे बघितलं.

"मंग चोरलं म्हणून कोन बोलला होता?"

"मी."

त्यानं कानामागं हात धरला आणि माझ्याकडे झुकला.

"मी बोललो होतो," मी ओरडून सांगितलं. "मी खोटं बोललो होतो."

म्हाताऱ्यानं हळूहळू मान हलवली. मग हातानं मला थांबायची खूण केली आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "धनपालची माय, बाहेर ये. साहेब काय म्हनते ते ऐक."

ती पदराला हात पुसत बाहेर आली, खाटेजवळ उभी राहिली, आणि मी तेवढ्याच मोठ्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.